पहिली टाकी

पुण्याहून कुरियरनं आलेला कॅन
अम्मानं आधी हुंगला.
"एरंडेल आहे यात," म्हणाली,
आणि मी पाच वर्षांची असल्यासारखा
तिचा हात माझ्या नाकाकडे आला.

आहेच. एरंडेल, मिथेनॉल, वीस टक्के नायट्रो,
रंग गुलाबी, लग्नातल्या सरबताचा.
कॅनवर लिहिलंय, या इंधनाची ज्योत उन्हात दिसत नाही.
मी मोठ्यानं वाचून दाखवलं.
अम्मानं तेंदूच्या पानांचं सूप, तंबाखूची पुडी, दोऱ्याचं रीळ
मुकाट्यानं आतल्या खोलीत नेलं.
आज शंभर विड्या कमी.

ट्रक कॉटवर उताणा, चाकं वर, खेकड्यासारखा.
कारखान्यात आवळलेला एकेक स्क्रू
मी परत काढला, निळ्या लॉकचा थेंब लावला,
परत बसवला.
नान्ना उंबऱ्यात बसून बघत होते.
एकतीस वर्षं मागांचे जॉबर,
उजवा कान खटखटीनं कधीच नेला,
डावा जायच्या तयारीत.
"नव्या मशीनवर विश्वास ठेवू नये," म्हणाले.
"जुन्यावर तर नाहीच."

दोन गिअरांमधली फट कागदानं मापायची असते.
मी वहीचं पान फाडणार, तोच
त्यांनी खिशातून टॉवेलचं लेबल काढलं,
परदेशी जाणाऱ्या मालाचं.
फिरवलं. पट्टी पलीकडून निघाली
बारीक चुण्या पडून, न फाटता.
"हं," म्हणाले.
जॉबर लोकांत हे फार मोठं कौतुक.

एअर फिल्टर मात्र मला करू दिला नाही.
स्पंज तेलात बुडवला, पिळला, पुन्हा बुडवला,
कडेनं ग्रीसचं बोट फिरवलं.
विडी घरकुलची धूळ त्यांना ठाऊक आहे,
आणि कापसाचं तूसही.
खोकला आवरून म्हणाले,
"हे आमच्या तोंडाला बांधायला हवं होतं कुणीतरी,"
आणि हसले.
मीही हसले, मग थांबले.

एप्रिलात इथलं ऊन आठला दार ठोठावतं,
म्हणून सहाला.
बॉबिनच्या पालथ्या खोक्यावर ट्रक, चाकं हवेत.
दोरी ओढली. नाही.
ओढली. नाही.
प्लग काढून पाहिला, तार लाल होत होती.
शेजारचा मल्लिनाथ दात घासत आलेला,
फेसाळ तोंडानं सल्ले देत उभा.
सातव्या ओढीला
पत्र्याच्या डब्यात कोंडलेली गांधीलमाशी जागी झाली
आणि सगळ्या बोळात निळसर धूर.
धूर हवाच होता.
नव्या इंजिनाला सुरुवातीला जास्तच पाजतात.
सुई उघडी, वेग नको, हौस नको.

मी कानानं सुई लावत होते.
नान्नांनी चासीवर अंगठा टेकला, डोळे मिटले.
"जरा बंद कर. आट्याचा आठवा भाग."
केली. मला आवाज तोच वाटला.
"आता बरंय."

तापमान मोजायची बंदूक घेतली नव्हती,
साडेआठशे रुपये.
अम्मा पदर खोचून आली,
तांब्यात बोटं बुडवून
इंजिनाच्या डोक्यावर थेंब झटकला,
तव्यावर झटकते तसा.
थेंब बसला, थरथरला, सावकाश गेला.
"भाकरी चिकटेल अजून," म्हणाली. "तापू दे."

टाकी संपली.
ट्रक तसूभरही पुढे गेला नव्हता.
"एवढंच?" मल्लिनाथ.
अजून चार टाक्या, मी म्हणाले, मग मैदान.
फ्लायव्हीलवर खडूची खूण करून
पिस्टन खाली आणून ठेवला.
बोळ शांत झाला, म्हणजे माझ्यापुरता.
नान्नांचा अंगठा अजून तिथेच होता.

अम्मानं सूप बाहेर आणायच्या आधी
खोक्याच्या चहूबाजूंनी, उन्हात,
तळहात धरून पाहिला
कुठे काही जळत तर नाही ना.